सडा विणताना

स्वेटर विणून झाला की थोडी लोकर उरतेच. शेवटच्या बाहीला कमी पडू नये म्हणून एक गुंडा जास्तच घेतला जातो, कारण नंतर त्याच रंगाची लोकर मिळाली तरी लॉट वेगळा निघतो आणि उन्हात धरली की फरक दिसतो. माझी आई लग्नाआधीपासून विणते. त्यामुळे आमच्या घरच्या पत्र्याच्या ट्रंकेत शाळेच्या स्वेटरांची मरून, नेव्ही ब्ल्यू आणि बाटलीहिरवी लोकर आहे, भाचरांच्या टोपड्यांतून राहिलेलं फिकट पिवळं आणि गुलाबी बेबी वूल आहे, बाबांच्या मफलरची राखाडी आहे, आणि कुणाच्या स्वेटरची हे आता आईलाही आठवत नाही अशी बरीचशी तपकिरी आहे. एकाही रंगात धड एक मोजा पुरा होणार नाही. टाकवत तर नाहीच. या उरल्यासुरल्या लोकरीतून मी भिंतीवर लावायचं एक मोठं काम केलं, साडेचार फूट लांब आणि अडीच फूट उंच. विषय कासचा सडा, म्हणजे तिथलं उघड्या खडकाचं पठार. एका पावसाळ्यात हात लावला तो पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चालला. ते कसं होत गेलं ते इथे सविस्तर लिहिते आहे. आपल्याकडे विणकामावर वाचायला मिळतं ते बहुतेक नमुन्यांचं असतं, आणि हे काम नमुन्याशिवायचं आहे.

याला फ्रीफॉर्म म्हणतात. क्रोशा आणि दोन सुयांचं विणकाम एकाच कामात मिसळायचं, ओळींचा आणि टाक्यांचा हिशेब आधी मांडायचा नाही, तळहाताएवढे तुकडे करत जायचे आणि मग ते एकमेकांशेजारी बसवून मोठं काम उभं करायचं. इंग्लंडमध्ये सिल्व्हिया कॉश आणि जेम्स वॉल्टर्स या दोघांनी क्रोशाला या वाटेवर आणलं. पुढे ऑस्ट्रेलियातल्या प्रुडन्स मॅपस्टोन यांनी शिकवून शिकवून ते अनेक देशांत पोचवलं. त्याच्या कितीतरी आधी, १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात, आयर्लंडमधल्या बायका क्रोशाची पानंफुलं सुटी विणत, ती कापडावर पालथी टाचत आणि मधल्या मोकळ्या जागा जाळीने भरत. पोटासाठी केलेलं काम होतं ते. माझे तुकडे मी शेवटी जोडले ते याच रीतीने, म्हणून त्यांची आठवण आधी काढते.

साताऱ्यात राहणाऱ्याला कास लांब नाही, पंचवीसेक किलोमीटर. लोक फुलं बघायला सप्टेंबरात जातात. मी मार्चमध्येही जाते. तेव्हा नुसता जांभा दिसतो, काळपट, मधूनच तांबूस, भोकाभोकांचा, आणि त्यावर दगडफुलाचे पांढुरके-राखाडी चट्टे. सड्यावर माती अशी जवळजवळ नाहीच. दगडाच्या खळग्यात बोट-दोन बोटं माती साठते, तेवढ्यात रोप धरतं, आणि खळगा असेल तेवढाच त्याचा पसारा होतो. माती इतकी निकस की सीतेची आसवं ही निळ्या-जांभळ्या फुलांची वनस्पती जमिनीखालच्या बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडून आपली भूक भागवते. पश्चिम घाटातल्या ज्या जागा २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या त्यांत कास आहे, ते उगाच नाही.

ट्रंकेतली लोकर जमिनीवर ओतली तेव्हा मला हाच सडा दिसला. प्रत्येक रंग थोडाथोडा, आणि जेवढा धागा तेवढंच रूप. म्हणून सुरुवातीलाच ठरवलं की दुकानातून नवी लोकर आणायची नाही, आणि धागा संपेल तिथे तो रंग थांबेल. तोच रंग दुसऱ्या गुंड्यातून आणून गोल पुरा करायचा नाही. हे बंधन मी फार मनापासून पाळलं आणि या कामात जे काही चांगलं झालं ते बरंचसं त्यामुळे झालं असं मला वाटतं.

पहिलं काम निवडण्याचं. लोक रंगावरून ढीग लावतात, मी आधी जातीवरून लावले. अस्सल लोकर, अॅक्रिलिक आणि सुती धागा हे एका तुकड्यात खुशाल एकत्र नांदतात, पण पुढे पाणी आणि वाफ लागते तेव्हा तिघांची वागणूक तीन तऱ्हेची असते. लेबलं केव्हाच गेलेली. तेव्हा स्टीलच्या ताटलीत पाणी घेतलं, प्रत्येक गुंड्यातून बोटभर धागा कापला, तो चिमट्यात धरून मेणबत्तीवर नेला. अस्सल लोकर केस जळल्यासारखी वास मारते, ज्योतीतून काढली की आपसूक विझते आणि राख बोटांनी चुरडली जाते. अॅक्रिलिक वितळतं, थेंब पडतो, आणि गार झाल्यावर टोकाला काळा कडक मणी राहतो. सूत कागदासारखं जळतं. बाबांची मफलर अस्सल लोकरीची निघाली, शाळेचे स्वेटर सगळे अॅक्रिलिकचे. वाटत होतं तसंच होतं, पण आता खात्री झाली. प्रत्येक जातीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधून ठेवला.

मग जाडी. पट्टीवर एका इंचात धाग्याचे किती वेढे शेजारी शेजारी बसतात ते मोजलं की बारीक-जाड लगेच कळतं. बारीक बेबी वूल दुहेरी घेतलं की ते शाळेच्या स्वेटरच्या लोकरीशी जुळतं. त्यातही दोन रंगांचे बारीक धागे एकत्र घेतले तर जो चितकबरा रंग मिळतो तो दगडाला फार शोभतो. राखाडी आणि तपकिरी, मरून आणि तपकिरी, बाटलीहिरवी आणि राखाडी अशा जोड्या मी करून ठेवल्या. जांभ्याचा खरा रंग एका धाग्यात नसतोच.

रंगांबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते. गुलाबी आणि पिवळा शेजारी ठेवले की ते वेगळे दिसतात, पण फिकट-गडद या मापात पुष्कळदा ते सारखेच असतात, आणि मग लांबून सगळं काम सपाट दिसतं. मी सगळे गुंडे चादरीवर मांडून मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढला. त्यात मरून आणि बाटलीहिरवी यांच्यात काडीचा फरक दिसेना. म्हणजे दगडाच्या सावलीसाठी दोन्ही चालतील, पण एकावर दुसरा उठून दिसणार नाही. हा फोटो पुढे मी प्रत्येक टप्प्यावर काढत गेले.

दगडासाठी मात्र ट्रंकेत पुरेसं काही नव्हतं. सगळी अॅक्रिलिक लोकर गुळगुळीत आणि चकचकीत, आणि जांभा तसा नाही. माण तालुक्यातल्या एका आठवडी बाजारात घोंगड्या विकायला येणाऱ्या एक आजी मला ठाऊक होत्या. आपल्याकडे मेंढ्या धनगरांच्या, कातणं बरंचसं बायकांचं आणि घोंगडी विणायची सणगरांनी, असा तो धंदा चालत आला. मागावर चढवायच्या आधी त्या सुताला चिंचोक्याची खळ देतात, त्याने घोंगडी कडक होते. मला हवं होतं खळ न दिलेलं, उरलेलं सूत. आजींनी पिशवीतून एक लडी काढली, माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "बाई, ह्याचं स्वेटर न्हाई व्हायचं. टोचंल."

"अंगावर नाही घालायचं आजी. भिंतीवर लावायचं आहे. दगड करायचाय याचा."

त्यांनी ती लडी परत घेतली, पिशवीत हात घालून दुसरी काढली. "मग ही घ्या. ही जास्त खरबुडी हाय."

दख्खनी मेंढीच्या लोकरीचं ते सूत. काळं, पण नुसतं काळं नाही. मेंढीच्या पाठीवर ऊन खाल्लेली लोकरीची टोकं विटकरी होतात, त्यामुळे धाग्यात मधूनमधून तांबूस झाक येते. जांभ्याचा रंग आयता. कातताना पीळ इतका चढवलेला की लडी सोडली की धागा स्वतःभोवतीच गुंडाळला जाऊन गाठीगाठी व्हायच्या. लडी पाण्यात रात्रभर बुडवून ठेवली, पिळली नाही, गॅलरीत दांडीला अडकवून खाली पाण्याची भरलेली बाटली टांगली. तशीच वाळू दिली. पीळ स्थिरावला आणि धागा सुईवर सरळ चालू लागला. वास मात्र शेवटपर्यंत राहिला, मेंढीचा, धुराचा. मला तो आवडतो.

आता प्रत्यक्ष तुकडे. चार साखळ्यांचा गोल करायचा आणि निघायचं. गोलात मुके खांब, म्हणजे क्रोशाचे बुटके टाके, घातले तर दर फेरीला सहा वाढवले की तुकडा सपाट पडतो. त्याहून उंच असे पूर्ण खांब असतील तर दर फेरीला बारा. यापेक्षा कमी वाढवले की कडा आत ओढल्या जाऊन वाटी होते, आणि जास्त वाढवले की कडेला झालर उठते. स्वेटर, टोपी, ताटाखालचा रुमाल विणताना आपण वाटी आणि झालर दोन्ही टाळत असतो. सड्याला दोन्ही हवेत. वाटी म्हणजे जांभ्यातला खळगा. मी दख्खनी सुताचे मुके खांब दोन फेऱ्या वाढवत नेले आणि मग एकही टाका न वाढवता सरळ वर चढवले की खोल वाटी तयार. तिच्या तळाशी बाटलीहिरवीचे चार खांब टाकले की शेवाळ. दगडफुलासाठी उलट केलं. राखाडी आणि पांढऱ्याच्या जोडधाग्याने छोटा गोल करून शेवटच्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन दोन, मग पुढच्या फेरीत पुन्हा दोन दोन टाके घातले. कड इतकी कुरळी होते की ती दाबून बसवावी लागते, आणि दगडावरचं दगडफूल अगदी तसंच, कडेने सुटलेलं असतं.

झालरीमागे मोठं गणित आहे. १९९७ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात डायना तैमिना या गणितज्ञ बाईंनी क्रोशाने हायपरबोलिक, म्हणजे कडेकडे पसरत कुरळा होत जाणारा, पृष्ठभाग विणून दाखवला. ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवत गेलं की प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा त्याच पटीत लांब होत जाते आणि कापडाला सपाट राहायला जागाच उरत नाही. कागदाचं असं मॉडेल फाटतं, क्रोशाचं हातात घेऊन फिरवता येतं. पुढे मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या जुळ्या बहिणींनी २००५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये याच युक्तीने प्रवाळाचं बेट विणायला घेतलं आणि गावोगावच्या हजारो बायका त्यात सामील झाल्या. प्रवाळ, कोबीचं पान, दगडफूल, सगळे थोड्या जागेत जास्त पृष्ठभाग बसवायच्या मागे असतात. आपल्या आज्यांनी विणलेल्या फ्रॉकच्या झालरीत हे गणित होतंच, याचा मला फार आनंद वाटतो.

धागा किती उरलाय हे नजरेने ओळखायला शिकावं लागतं. दोन सुयांवर साध्या विणीची एक ओळ तुकड्याच्या रुंदीच्या साधारण तिप्पट-चौपट धागा खाते. क्रोशा त्याहून जास्त खातो. म्हणून जो रंग अगदीच थोडा होता तो मी सुयांवर वापरला आणि जो बऱ्यापैकी होता तो क्रोशात. धागा वीतभर राहिला की थांबायचं, शेपूट मागे सोडायचं आणि दुसरा रंग जोडायचा. कधी गोलाच्या अर्ध्यावरच रंग संपे. मग उरलेला अर्धा दुसऱ्या रंगाने, दुसऱ्या उंचीच्या खांबांनी, आणि तिथून तुकडा गोल न राहता एका बाजूला पसरत जाई. माझ्या डोक्यातून असे आकार कधी निघाले नसते. सवयीचा हात गोल पुरा करायलाच धावतो.

दोन सुयांचं काम क्रोशाच्या कडेवरून सुरू करता येतं. कडेचे टाके सुईवर उचलायचे आणि विणत सुटायचं. सगळ्या ओळी सुलट विणल्या तर पट्टी सपाट राहते आणि तिच्या आडव्या सरी थरांच्या खडकासारख्या दिसतात. एक ओळ सुलट आणि एक उलट अशी साधी वीण घेतली तर ती वळते, बाजूच्या कडा मागे आणि खालची-वरची कड पुढे. स्वेटरला म्हणूनच पट्टी लावावी लागते. मी ती वळू दिली. सड्याच्या कडेला जिथे दगड संपतो आणि खाली दरी सुरू होते तिथे माझ्या कामात तपकिरी साध्या विणीची एक लांब पट्टी आहे. तिची वरची कड आपोआप पुढे गुंडाळली गेली आणि दगडाला जाडी आली.

आई या सगळ्याकडे सुरुवातीला लांबूनच बघत होती. तिच्या हाताखाली शिकलेल्या माणसाने टाके न मोजता विणावं हे तिला पटत नव्हतं. एकदा तिने खळग्याचा एक तुकडा उचलला, बघितला आणि सवयीने उलटा केला. आमच्याकडे भरतकाम असो की विणकाम, आधी मागची बाजू बघायची. मागून स्वच्छ असेल तर बाई हुशार. तिने तुकडा बराच वेळ पालथाच धरला.

"अगं, ही बाजू का नाही घेत वर?"

मी बघितलं. त्या तुकड्यात मी पुढून उचललेले खांब घातले होते, म्हणजे टाक्यात सुई न घालता खालच्या खांबाला पुढून वळसा घालून विणलेले. पुढून त्यांच्या सुबक उभ्या धारा दिसत होत्या. मागे मात्र त्याच ठिकाणी चिरा पडल्या होत्या, खोल, वेड्यावाकड्या, आणि दोन धारांमधली लोकर फुगून वर आलेली. तो सरळ सरळ जांभा होता. त्या दिवसापासून प्रत्येक तुकडा मी दोन्ही बाजूंनी बघू लागले आणि दगडाचे निम्म्याहून जास्त तुकडे शेवटी पालथे लागले. त्यासाठी शेपटं मागे किंवा पुढे कुठेच दिसणार नाहीत अशी विणतानाच आत घ्यावी लागली. नवा रंग जोडला की जुन्याचं शेपूट टाक्यांच्या डोक्यावर आडवं धरायचं आणि पुढचे सात-आठ टाके त्याच्यावरून विणायचे. नंतर सुईत ओवून लपवण्यापेक्षा हे बरं, आणि मजबूतही.

आई मग कामाला लागली. तिला टाके मोजल्याशिवाय करमत नाही, म्हणून मी तिला फुलं दिली. फुलांना मोजमाप हवंच. सड्यावर गेंद असतो, काडीवर पांढरी टपोरी गाठ. तो पॉपकॉर्नच्या टाक्याने होतो. एकाच टाक्यात पाच खांब घालायचे, सुई काढून पहिल्या खांबाच्या डोक्यातून घालायची, सोडलेला फास पकडून ओढून घ्यायचा, की पाचही खांब एकत्र येऊन पुढे फुगतात. पांढऱ्या बेबी वूलच्या एका लहानशा गुंडीतून आईने गेंदाचा एक अख्खा ताटवा केला. सोनकीला फिकट पिवळं, तेरड्याला गुलाबी. माझ्या वाट्याला सीतेची आसवं आली, आणि ती मला बुलियनने करायची होती.

बुलियन हा या कामातला सगळ्यात हट्टी टाका. सुईवर आठ-दहा वेढे घ्यायचे, टाक्यातून धागा ओढायचा आणि तो एका दमात सगळ्या वेढ्यांमधून काढायचा. वेढे घट्ट असले की सुईचं नाक मधल्या वेढ्यात अडकतं. बाजारातल्या बऱ्याच सुयांना अंगठ्यासाठी चपटा भाग असतो. वेढे तिथपर्यंत सरकले की पुढचे लहान आणि मागचे मोठे होतात आणि टाका शंकूसारखा निघतो. दांडा सगळीकडे एकाच जाडीचा असलेली सुई घ्यावी, धाग्याला लागते त्याहून एक नंबर मोठी. वेढे सैल, पण एकसारखे सैल. धागा ओढताना डाव्या हाताचा अंगठा आणि मधलं बोट यांच्यात वेढे हलकेच धरून ठेवायचे, सुईचं नाक खाली वळवायचं आणि सुई किंचित फिरवत बाहेर काढायची. जमला की गुळगुळीत लांबट दाणा तयार होतो, दोन्ही टोकांनी वळवला की पाकळी. निळं आणि जांभळं सूत माझ्याकडे बोटभर लांबीच्या दोनचार फुलांपुरतं होतं, त्यामुळे आसवं थोडीच झाली. ती कुठे लावायची यावर मी फार विचार केला. शेवटी एका ओल्या, काळ्या खळग्याच्या काठाशी सगळी एकत्र लावली.

चादरीएवढा मांजरपाट आणला, तो धुऊन आटवून घेतला आणि जमिनीवर पसरून त्यावर पेन्सिलीने फक्त दोन रेषा काढल्या, एक क्षितिजाची, दुसरी सड्याच्या कडेची. त्यावर तुकडे मांडायचे. जोडायची घाई करू नये, हे मी प्रत्येकाला सांगेन. तुकडे नुसते टाचण्यांनी लावून ठेवायचे, उभं राहून बघायचं, फोटो काढायचा, फिरवायचे, पुन्हा फोटो. मोठे गडद तुकडे खाली आणि लहान, फिकट वर असं ठेवलं की सडा लांबवर गेल्यासारखा दिसतो. दोन तुकड्यांच्या कडा जिथे जुळतात तिथे जोड देते. जिथे फट राहते तिथे त्या फटीच्या मापाचा नवा तुकडा. या मधल्या जागा भरताना सगळ्यात लहान गुंड्या कामाला येतात, ज्यांतून चार-पाच टाक्यांपलीकडे काही निघत नाही. आणि लांबून बघताना डोळा याच जागांवरून फिरतो. मोठे तुकडे मग तिथून सापडतात.

मांडणी ठरली की फोटो समोर ठेवून तुकडे मांजरपाटावर पालथे टाचून घेतले आणि जाड बोथट सुईने कडेचे टाके एकमेकांत गुंतवत मागून शिवले. टाका फार ओढला की कड चुरगळते, सैल सोडला की लटकते. दख्खनी सूत आणि अॅक्रिलिक यांच्या सांध्याला मी तपकिरी सुती धागा घेतला, कारण हे दोन्ही ताणाला वेगवेगळे वागतात आणि सुती धागा मधे स्थिर राहतो.

पाण्या-वाफेचं काम जोडण्याआधी तुकड्यातुकड्यावर करावं. अस्सल लोकरीचे तुकडे कोमट पाण्यात भिजवले, पिळले नाहीत, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढलं आणि न गंजणाऱ्या टाचण्यांनी हव्या त्या आकारात ताणून वाळवले. चोळायचं बिलकूल नाही, लोकर आटून घट्ट होते. अॅक्रिलिक पाण्याला दाद देत नाही, त्याला वाफ लागते. इस्त्री दोन बोटं वर धरून वाफ सोडायची, टेकवायची नाही. टेकवली तर धागा वितळून चकचकीत चपटा होतो आणि पुन्हा कधीच उठत नाही. झालरी आणि वाट्या मी वाफेपासून लांबच ठेवल्या, कारण त्यांचा फुगाच तर हवा होता. मिश्र तुकड्यांना ओल्या फडक्यावरून हलकी वाफ पुरली.

पूर्ण झालेलं काम हातात घेतलं तर जड लागतं. क्रोशा स्वतःच्या वजनाने खाली ओघळतो, तेव्हा नुसता वरच्या दोन कोपऱ्यांनी टांगला तर वर्षभरात मधे झोळ पडेल. म्हणून मांजरपाट पुढून सोडवून तोच मागे लावला, दर हातभर अंतरावर आडव्या टाक्यांनी विणकामाला पकडून घेतला आणि वरच्या कडेला बोगदा शिवून त्यात लाकडी दांडा घातला. आता वजन कापडावर येतं, विणीवर येत नाही. पश्चिमेचं ऊन येणार नाही अशी भिंत निवडली. अस्सल लोकर म्हटली की कसर लागायची भीती, म्हणून मागच्या अस्तरात वाळलेल्या कडुनिंबाच्या पानांच्या लहान पुरचुंड्या खोचल्या आहेत आणि पावसाळा संपला की काम उतरवून सावलीत वारं देते. खळग्यांत धूळ बसते. मऊ ब्रशने ती निघते.

आता घरी येणारं प्रत्येक लहान मूल त्या खळग्यांत बोट घालतं. मी घालू देते. मोठी माणसं लांबून बघतात आणि विचारतात की यातली कुठली लोकर कुणाच्या स्वेटरची, आणि मग आई दाखवत बसते. मरूनचा एक पट्टा माझ्या पाचवीतल्या स्वेटरचा आहे, एवढं तिला पक्कं आठवतं.

मावसबहिणीला तिच्या रत्नागिरीच्या नव्या घरासाठी अगदी असाच सडा हवा होता. मी तिला म्हटलं, असाच नाही होणार, या लोकरी संपल्या. तुझ्या घरची उरलेली घेऊन ये, त्यातून काय निघतं ते बघू. मागच्या आठवड्यात ती दोन पिशव्या देऊन गेली. राखाडी जवळजवळ नाहीच, मोरपंखी आणि पांढरी भरपूर, आणि तिच्या सासूबाईंच्या शालीची वाळूच्या रंगाची बरीचशी अस्सल लोकर. समुद्रच निघणार बहुतेक. झालरींना काही तोटा नाही, आणि आईने विचारलंय की लाटेचा फेस पॉपकॉर्नने करायचा की बुलियनने.